शुद्धीवर असल्याचा दाखला

मी, खाली सही करणार भीमरत्न सत्याप्पा मधाळे, वय सत्तावन्न, धर्म बौद्ध, राहणार निपाणी, जिल्हा बेळगाव, धंदा कंपाउंडर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दुपारच्या उजेडात, चष्मा लावून लिहीत आहे. धंद्यापुढे ‘निवृत्त’ असे कोणी घालू नये. मला कोणी निवृत्त केलेले नाही आणि मी झालेलो नाही.

येत्या गुरुवारी, २७ तारखेला, बेळगावात माझी हर्नियाची शस्त्रक्रिया आहे. ती किरकोळ आहे. पण अडतीस वर्षे दवाखान्यात काढलेल्या माणसाला ‘किरकोळ’ शब्दाची किंमत ठाऊक असते, म्हणून हा कागद आधी. माझ्यावर कोणाचे दडपण नाही, व्यसन नाही, आणि मी पूर्ण शुद्धीवर आहे. हे शेवटचे वाक्य शाबीत करायला मला अकरा दिवस लागले. ते कलम सहामध्ये येईल. मधली कलमे वगळून कोणी तिकडे उडी मारू नये.

नोंदणी कचेरीत कन्नड प्रत लागेल, ती युवराज वकील करून देतील. दोन्ही प्रतींत फरक निघाल्यास ही मराठी प्रत खरी धरावी.

कलम १. राहते घर. दोन खोल्या, पडवी आणि मागचे न्हाणीघर. ही जागा माझी आई तानीबाई हिने वखारीत तंबाखू चाळून घेतली. तिच्या खोकल्यासकट ती माझ्याकडे आली. खोकला मी बिरनाळे डॉक्टरांना दाखवला आणि त्यातूनच मला नोकरी लागली. घर माझ्या मागे माझी पत्नी सुनयना हिचे. न्हाणीघराच्या फरशीचा उतार उलटा आहे, पाणी दाराकडे येते. गवंडी रवळू याला २००९ पासून सांगतो आहे. तो दर वेळी म्हणतो, “अण्णा, पाण्याचं काय एवढं, सवय हुतीया.” मला झालेली नाही. सुनयनाने दुसरा गवंडी बघावा.

कलम २. पोस्टातील व सोसायटीतील ठेवी सुनयनाच्या. वारस म्हणून तिचेच नाव आधीपासून लावलेले आहे, पासबुके तारखेप्रमाणे लावून कपाटात आहेत.

कलम ३. हत्यारे. पितळी तराजू आणि त्याची अकरा वजने, चिनी मातीचा खल, काचेची दोन मापे आणि पट्ट्या कापायची सुरी. पट्ट्या म्हणजे औषधाच्या बाटलीवर चिकटवायच्या खाचांच्या कागदी पट्ट्या. एक खाच म्हणजे एका वेळचे औषध. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचासुद्धा माझ्या पट्टीमुळे कधी डोस चुकला नाही. हे सर्व मी शिकलेल्या शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावे. तिथे १९८३ साली मला कपाटाला हात लावू दिला नव्हता. तराजूच्या दांडीवर माझे पूर्ण नाव कोरून मगच द्यावा, नुसते आडनाव नको.

मी दहावीपर्यंत शिकलो. पुढचे इंग्रजी औषधांच्या खोक्यांतल्या पत्रकांवरून शिकलो. डॉक्टर जेवायला गेले की एक पत्रक आणि एक डिक्शनरी, असे नऊ वर्षे. ती डिक्शनरी सुनयनाने ठेवावी. तिला ती वाटाण्याच्या पिशवीवर वजन म्हणून लागते.

कलम ४. घरांची पाकिटे. दवाखान्यात अकराशे शेहेचाळीस पाकिटे आहेत. इतर ठिकाणी माणसागणिक केसपेपर असतो. बिरनाळे दवाखान्यात घरागणिक एक पाकीट. ही पद्धत माझी आहे, १९८९ ची. नात खोकत आली तर डॉक्टर आधी आजीचा कागद बघत, बापाचा बघत, मग नळी लावत. “मधाळे, पाकीट काढ,” एवढेच म्हणत. मी पाकीट देईपर्यंत निम्मे निदान झालेले असे.

ही पाकिटे रद्दीत देऊ नयेत. ज्या त्या घरी नेऊन पोचवावीत. जी घरे आता पायात काटा गेला तरी कोल्हापूर गाठतात, त्यांचीही. त्या घरांत बापाला साखरेचा डॉक्टर वेगळा, आईला गुडघ्याचा वेगळा आणि पोराला त्वचेचा वेगळा. कोणाला कशाची गोळी चालू आहे, हे एकाच ताटात जेवणाऱ्यांना माहीत नाही. पाकीट देताना काही बोलू नये. नुसते हातात द्यावे.

माझ्या मुलीने बंगळूरच्या तिच्या दवाखान्यात घरागणिक पाकीट सुरू केले असे फोनवर सांगितले. मला विचारले नव्हते.

कलम ५. दवाखाना. हे कलम लांब आहे.

बाजारपेठेतील एक गाळा, शटर, आत पडदा, बाक, डॉक्टरांची खुर्ची, पेशंटचे स्टूल. डॉ. नेमगोंडा बिरनाळे यांनी हा गाळा हयातीतच रीतसर मला विकला. त्यांची मुले परदेशी आहेत. डॉक्टर म्हणाले, “मधाळे, तुझी पोरगी डॉक्टर व्हायलीय. जागा तुझ्याकडं असली म्हंजे पाटी उतरायची न्हाय.” त्याच भरवशावर ते शेवटपर्यंत खुर्चीत बसले आणि ९ ऑगस्ट २०२३ ला गेले.

त्यानंतर मी रोज सकाळी नऊला शटर उघडतो, एकला बंद करतो, पाचला उघडतो, आठला बंद करतो. आत डॉक्टर नाही. मी औषध देत नाही. एक गोळीसुद्धा दिलेली नाही, हे कोणीही तपासावे. जुनी पेशंट मालुबाई म्हणाली, “अण्णा, तूच दे की रं दोन गोळ्या. डाक्टर काय द्यायचा त्ये तुला पाठ हाय.” मी म्हणालो, “आक्का, पाठ हाय म्हणूनच देत न्हाय.” ती उठून शेजारच्या भरमूच्या मेडिकलमध्ये गेली आणि चार गोळ्या घेऊन आली. भरमू रोज विचारायचा, “काय कंपौंडर, आज बी डॉक्टरीण आली न्हाय? बंगळूरच्या गाडीला रिव्हर्स नसतोय व्हय?” मी उत्तर द्यायचो, “कोर्स पुरा व्हायचाय.” दोन दिवाळ्या मी हेच उत्तर दिले.

माझी मुलगी डॉ. पारमिता फॅमिली मेडिसिन या विषयात पुढचे शिक्षण पुरे करून या फेब्रुवारीत बाहेर पडली. मी तिच्या नावाची पाटी रंगवून घेतली होती. तिचा फोन आला. बंगळूरला दोन हजार फ्लॅटांच्या वसाहतीत एक दवाखाना आहे, तिथे तिने होकार कळवला होता. मला विचारायला फोन नव्हता, सांगायला होता.

“आप्पा, इथं ह्या कामाला माणसं मिळंनात,” ती म्हणाली. “एकेका घरात चार स्पेशालिस्टांच्या फायली हायत आणि चारी एका जागी वाचणारं कोण न्हाय. त्यासाठी मला बोलवत्यात. दोन कंपन्या मागं लागल्यात, पुण्याहून बी विचारणा हाय.”

मी म्हणालो, “आणि निपाणी?”

“निपाणीत दिवाळीला चार दिवस बसले होते, आठवतंय? नऊ पेशंट आले. सहा जणांनी विचारलं, कोल्हापुरात चांगला डॉक्टर कोण? एक आजी म्हणाली, तू नुसती तापाचीच व्हय गं?”

हे खरे आहे. ती आजी मालुबाईच होती. तरी मी फोन ठेवला आणि मार्चपर्यंत उचलला नाही. सुनयना म्हणाली, “आवो, पोरीला काम मिळालंय, ती काय पळून गेलीया?” मी म्हणालो, पळून गेली असती तर परत आली असती. माझे बोलणे तिला आवडले नाही. मलाही नाही, पण मागे घेतले नाही.

इथे एक गोष्ट लिहायची आहे. मृत्युपत्रात खोटे लिहिले तर सगळाच कागद खोटा पडतो असे मी धरतो, म्हणून लिहितो. आज सकाळपर्यंत मला वाटत होते की हे मी एकटाच जाणतो.

जानेवारी २०२२ मध्ये पारमिता बेळगावात कोविड वॉर्डला होती. पुढच्या शिक्षणासाठी विषयांची आणि कॉलेजांची यादी पसंतीच्या क्रमाने संगणकावर भरायची होती. तिला वेळ नव्हता. तिने यादी कागदावर लिहून, पासवर्डसह मला दिली. “आप्पा, तुमच्या हातनं चूक हुईत न्हाय, तुम्हीच भरा.” क्रमांक तीनला तिने बालरोग लिहिले होते, आणि तिच्या गुणांत तेच मिळणार असा अंदाज होता. क्रमांक अकराला फॅमिली मेडिसिन.

मी ते अकरावे तिसऱ्या जागी भरले आणि बालरोग अकराव्या.

का, तेही लिहितो. मी हिशेबी माणूस आहे. माझे गणित असे होते: शहरात गल्लोगल्ली स्पेशालिस्ट. निपाणीची माणसे उठून तिकडे पळतात ती त्यासाठीच. तिथे साध्या घरच्या डॉक्टरला कोण विचारणार? बालरोगवाली झाली तर शहर तिला सोडणार नाही. फॅमिली डॉक्टर झाली तर शहरात जागाच नाही, आपोआप परत येईल. मी तिकडचे दार बंद केले असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी तेच उघडले. शहरातल्या माणसाला पाच स्पेशालिस्ट आहेत म्हणूनच सहावा घरचा डॉक्टर लागतो, हे निपाणीत बसून दिसत नाही. आणि निपाणीत गेल्या वर्षापासून एकच डॉक्टर या गाळ्यासाठी माझ्याकडे तीनदा येऊन गेल्या. खानापूरकडच्या डॉ. रूपाली. त्या बालरोगतज्ज्ञ आहेत. “मुलांचा डॉक्टर म्हटल्यावर इथं रांग लागंल, अण्णा,” असे त्या म्हणाल्या. मी त्यांना तिन्ही वेळा चहा दिला आणि जागा नाही म्हणालो.

पुढच्या शिक्षणाला जागा मिळाल्याचे कळले तेव्हा पारमिताने विषयाचे नाव दोनदा वाचले. मी तिला म्हणालो, “संगणकानं गुणांवर दिलंय. संगणक चुकत न्हाय.” त्यानंतर हे वाक्य मी तिला अनेकदा ऐकवले आहे.

कलम ६. दाखला, आणि दवाखान्याची वाटणी. या मृत्युपत्राचा पहिला मसुदा १२ नोव्हेंबरचा होता. त्यात दवाखाना पारमिताला होता, अट घालून: वर्षाच्या आत तिने त्या खुर्चीत बसावे, आठवड्याचे सहा दिवस. नाहीतर हक्क जाईल. युवराज वकिलांनी वाचले आणि म्हणाले, “अण्णा, मजकूर राहू दे बाजूला. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरचा दाखला जोडा. कायद्यानं लागतोच असं न्हाय, पण उद्या कोण भांडलं तर हाच कागद पुढं येतोय.”

मी म्हणालो, त्यात काय.

हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो, माझा गुडघा तेच बघतात. ते म्हणाले, “मधाळे, गुडघा शुद्धीवर हाय एवढं लिहून देतो. डोकं माझ्याकडं न्हाय.” ते हसले, मीही हसलो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, मोतीबिंदू नाही असे देतो. बेळगावात हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मनोविकारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. त्यांची वेळ मिळाली डिसेंबरच्या दहाला, शस्त्रक्रियेच्या तेरा दिवसांनंतर. या तिघांपैकी कोणी चुकीचे वागले असे माझे म्हणणे नाही. ज्याने त्याने आपल्या भागापुरते सांगितले. मला सबंध ओळखणारा एकही नव्हता. बिरनाळे डॉक्टर असते तर मान वर न करता लिहून मोकळे झाले असते.

युवराज वकिलांना हे सांगितले. ते म्हणाले, “तुम्हाला लई वर्षं वळखणारा कोणतरी बघा की. फॅमिली डॉक्टर असतोय.”

“होता.”

“मग पोरगी?”

“तिला दवाखाना देतोय.”

“मग तिची सही चालायची न्हाय. जिला लाभ तिचाच दाखला, समोरचा वकील हसंल.”

म्हणजे दवाखाना दिला तर दाखला नाही, आणि दाखला घेतला तर दवाखाना नाही. मी चार दिवस विचार केला. सुनयनाने विचारले, “तुम्हाला नक्की पायजे काय? पोरगी खुर्चीत, का पोरगी कागदावर?” शुक्रवारी मसुदा फाडला आणि पारमिताला स्वतःहून फोन लावला, फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. म्हणालो, तपासायला ये.

आज सकाळी ती हायवेला उतरून रिक्षाने थेट दवाखान्यात आली. शटर उघडे होते. बॅग बाकावर ठेवून तिने विचारले, “मला काय ठेवलंय?”

“काय न्हाय.”

“दवाखाना?”

“आईला.”

तिने पडदा बाजूला सारला. मग म्हणाली, “बरं. बसा तिकडं.”

तिकडे म्हणजे पेशंटच्या स्टुलावर. अडतीस वर्षांत मी त्या स्टुलावर कधी बसलो नव्हतो. ते डावीकडे डुगडुगते, हे मला आज कळले. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, “पाकीट कुठाय आपलं?” मधाळे घराचे पाकीट मीच काढून दिले. तिने ते पहिल्या कागदापासून वाचले, आजीच्या खोकल्यापासून. मला घाई आहे असे दोनदा सांगितले. तिने ऐकले नाही. दोन्ही दंडांचे बीपी घेतले, पापणी खाली ओढून बघितली, आणि चालू गोळ्या टेबलावर मांडायला सांगितल्या. मी मांडल्या. तिने त्यातल्या दोन बोटाने एकत्र सरकवल्या.

“ही हृदयवाल्यांची, रक्त पातळ करायची. ही गुडघेवाल्यांची, दुखण्यावरची. दोन्ही मिळून रक्त थांबू देत न्हाईत. गुरुवारी कापणाऱ्या डॉक्टरला सांगितलंय?”

“त्यांनी हर्नियाचंच विचारलं.”

“आणि तुम्ही? अकराशे घरांची पाकिटं लावलीसा की.”

हे मला कळायला हवे होते. दुसऱ्याच्या पाकिटात कळले असते. तिने तिथूनच दोन्ही डॉक्टरांना आणि शस्त्रक्रिया करणाऱ्यांना फोन केले. गुडघ्याची गोळी आजपासून बंद झाली.

मग डोक्याची तपासणी. वार, तारीख, जिल्हा विचारला. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. पासष्टला ती म्हणाली, “बास.” मी दोनपर्यंत आलो.

“आता जुनी आठवण,” ती लिहिता लिहिता म्हणाली. “जानेवारी बावीस. मी कोविडला होते. माझ्या यादीत तिसऱ्या नंबरला काय होतं?”

भरमू दारात उभा होता, साक्षीच्या सहीसाठी बोलावलेला. मी म्हणालो, “बालरोग.”

“आणि भरलं काय?”

“फॅमिली मेडिसिन.”

“कितव्यावरचं?”

“अकराव्या.”

तिने मान खाली घालून लिहिले: स्मरणशक्ती उत्तम. मी विचारले, “तुला कवा कळलं?”

“त्याच दिवशी. भरलेल्या यादीची प्रत ईमेलवर येती, आप्पा.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुम्ही कवा बोलताय, बघत होते.”

भरमू आपल्या दुकानाकडे वळला. सहीसाठी त्याला दुपारी पुन्हा बोलावले.

पेशंट कोल्हापूरला गेले तेव्हा मला फसवल्यासारखे वाटले. पोरगी बंगळूरला राहिली तेव्हा त्याहून जास्त. आज वाटते आहे ते निराळे आहे, आणि त्याला काय म्हणावे ते डिक्शनरीत बघितलेले नाही. जवळजवळ चार वर्षे मी तिला संगणकाचे सांगत होतो आणि ती ‘व्हय आप्पा’ म्हणत होती. तिने तेव्हाच भांडण केले असते तर मी कदाचित नाकारले असते. ते तिला माहीत होते. जेवताना एकदा मनात आले की दाखला फाडून दवाखाना तिच्या नावे करावा. तिला विचारले. ती म्हणाली, “नको. दाखला राहू द्या. तो मी मनापासून लिहिलाय.”

म्हणून: दवाखान्याचा गाळा, खुर्ची व स्टुलासह, माझ्या मागे सुनयनाचा. कोणतीही अट नाही. तिने तो डॉ. रूपालींना द्यावा, विकावा, किंवा शटर ओढून ठेवावे. तिने काय करावे हे मी सुचवत नाही. सुचवायची माझी रीत वर लिहिली आहे. रंगवलेली पाटी न्हाणीघरामागे उभी आहे. तिचे काय करायचे ते माझ्या समोर कोणी विचारू नये.

डॉ. पारमिता हिला या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही. हे चुकून राहिले असे कोणी समजू नये. रागाने केले असेही समजू नये, जरी राग आहे.

कलम ७. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा व्हावा. भाषण एकच, पाच मिनिटांचे. त्यात मला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणू नये. ‘कंपाउंडर’ म्हणावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुनयना करील. यापूर्वीचे १२ नोव्हेंबरचे लिखाण मी स्वतः फाडले आहे. वरील मजकूर मी वाचला, पुन्हा वाचला, दोन ठिकाणी काना दुरुस्त केला आणि साक्षीदारांसमक्ष सही करत आहे.

(सही) भीमरत्न सत्याप्पा मधाळे

साक्षीदार, ज्यांना यात काही मिळत नाही:
१. भरमू लगमाण्णा नाईक, मेडिकल दुकानदार, निपाणी (सही)
२. युवराज भावकू पाटील, वकील, निपाणी (सही)

स्थळ: बिरनाळे दवाखाना, निपाणी
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५, रविवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे

सोबत जोडलेला दाखला

भीमरत्न सत्याप्पा मधाळे यांना मी जन्मापासून ओळखते. आज सकाळी त्यांना तपासले. स्थळ, काळ व माणसे यांचे पूर्ण भान आहे. स्मरणशक्ती उत्तम. विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर देतात, वेळ लागतो. मृत्युपत्र करण्यास ते सक्षम आहेत. सदर मृत्युपत्रात मला कोणताही लाभ नाही.

(सही) डॉ. पारमिता भीमरत्न मधाळे
फॅमिली फिजिशियन, बंगळूर